पत्र्यातला गडगडाट

आमच्या डिपार्टमेंटच्या एकांकिकेत समुद्रात वादळ होतं, आणि ते वादळ माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. नेटवरून उतरवलेली वाऱ्याची फाइल, पावसाची फाइल, विजेच्या तीन फाइली, सगळं ओळीने लावून ठेवलेलं. पहिल्याच प्रयोगात, होडी बुडायच्या बरोब्बर आधी, ब्लूटूथ तुटलं. वादळ बंद! स्टेजवरचा आमचा खलाशी मात्र तालमीत ठरल्याप्रमाणे जीव तोडून ओरडत होता की या वाऱ्यात काहीच ऐकू येत नाहीये. हॉल एकदम चिडीचूप... आणि मग मागच्या रांगेतून जे हसू फुटलं ते मी जन्मात विसरणार नाही. मी विंगेत स्पीकरचं बटण दाबत बसले होते. दिग्दर्शक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

दुसरा प्रयोग तीन आठवड्यांनी होता. त्यात वादळ हाताने करायचं असं मी रागाच्या भरात जाहीर करून टाकलं. जाहीर केल्यावर शोधायला लागले की वीज यायच्या आधी नाटकवाले वादळ करायचे तरी कसं. (इथे वीज म्हणजे मीटरवाली, आकाशातली नव्हे.) शोधता शोधता एक माणूस सापडला, आणि मग एकांकिका बाजूलाच राहिली, मी त्याच्याच मागे लागले. त्याचं नाव फिलिप जेम्स द लूथरबर्ग. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना तो माहीत असतो, आपल्याला कोण सांगणार? म्हणून हा लेख. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

लूथरबर्गचा जन्म ३१ ऑक्टोबर १७४० चा, स्ट्रासबुर्गचा. वडील छोट्या आकाराची व्यक्तिचित्रं रंगवणारे चित्रकार, मूळचे पोलंडकडचे. आता पुढचं वाक्य हॉस्टेलकरांनी नीट वाचावं. वडिलांची इच्छा होती की मुलाने इंजिनिअर व्हावं! आईला वाटत होतं की त्याने चर्चमध्ये धर्मोपदेशक व्हावं. मुलगा शिकला सगळं, गणितसुद्धा शिकला, आणि शेवटी झाला चित्रकार. अडीचशे वर्षांत घराघरातल्या चर्चेत फारसा फरक पडलेला दिसत नाही. पण मला गंमत याची वाटते की वडिलांची इच्छा त्याने पुढे भलत्याच वाटेने पुरी केली. ते येईलच.

पॅरिसला तो आधी व्हान लूकडे आणि मग फ्रांचेस्को कासानोव्हाकडे शिकला. (हो, त्या कुप्रसिद्ध कासानोव्हाचा हा सख्खा भाऊ.) शिकवणी चांगली लागू पडली. १७६३ च्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागली तेव्हा दिदरोसारख्या कडक टीकाकाराने त्याचं कौतुक केलं, आणि १७६७ मध्ये, वयाची अट बाजूला ठेवून, फ्रान्सच्या राजकीय कला अकादमीने त्याला सभासद करून घेतलं. त्याचे आवडते विषय म्हणजे समुद्र, लढाया, डोंगर, आणि वादळं. सत्ताविसाव्या वर्षी माणूस स्थिरस्थावर झाला असं आपण म्हटलं असतं. पण १७७१ मध्ये हा पठ्ठ्या पॅरिस सोडून लंडनला गेला. बायको आणि मुलं मागेच राहिली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण त्याच्यावरचे काही लेख हा भाग एका ओळीत उडवतात. माणूस हुशार असला म्हणून तेवढं माफ होतं असं मला वाटत नाही.

लंडनला येताना त्याच्या खिशात पॅरिसच्या एका थिएटरवाल्याचं शिफारसपत्र होतं, डेव्हिड गॅरिकच्या नावाने. गॅरिक म्हणजे त्या काळातला इंग्लंडचा सगळ्यात मोठा नट, शिवाय ड्रुरी लेन थिएटरचा मालक-व्यवस्थापक. लूथरबर्गने त्याला सुचवलं की पडदे, प्रकाश, यंत्रं, कपडे, सगळं एकाच माणसाच्या डोक्यातून निघू दे. तोपर्यंत बऱ्याच वेळा जुनाच जंगलाचा पडदा, जुनाच महालाचा पडदा, ज्या नाटकाला जो चालेल तो खाली सोडायचा अशी पद्धत होती. गॅरिकने त्याला वर्षाला ५०० पौंडांवर ठेवून घेतलं. ही रक्कम तेव्हा भरपूर मोठी होती. १७७३ च्या एका ख्रिसमसच्या नाटकात त्याने दिव्यांपुढे रंगीत रेशमाचे पडदे फिरवून लोकांच्या डोळ्यांदेखत हिरवी झाडं लालभडक करून दाखवली. १७७९ मध्ये तर त्याने डर्बीशरच्या डोंगरांवर अख्खा खेळ उभा केला, आधी स्वतः तिथे जाऊन स्केचेस काढून. लोक नाटकाला जायचे ते नट पाहायला, आता काही लोक देखावा पाहायला जायला लागले.

इथे जरा थांबून तेव्हाच्या गडगडाटाबद्दल सांगते, म्हणजे याने काय बदललं ते कळेल.

युरोपातल्या थिएटरांत गडगडाट करायची एक जुनी रीत म्हणजे लाकडाची लांब उतरती पन्हळ बांधायची आणि तिच्यातून तोफेचे गोळे सोडायचे. गोळा लाकडावरून घरंगळत जातो, मधल्या पायऱ्यांवर आपटतो, आणि अख्ख्या इमारतीचं लाकूड थरथरतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या १७६६ च्या थिएटरात अशी पन्हळ अजून जपून ठेवलेली आहे. दुसरा किस्सा जॉन डेनिस नावाच्या लेखकाचा. १७०९ मध्ये याच ड्रुरी लेनला त्याचं नाटक आलं, त्यासाठी त्याने गडगडाटाची नवी युक्ती काढली होती. नाटक साफ पडलं आणि लगेच उतरवलं गेलं. थोड्याच दिवसांनी डेनिस तिथेच मॅकबेथ पाहायला गेला, तर वादळात त्याचाच गडगडाट! नाटक नको होतं, युक्ती मात्र ठेवून घेतली होती. डेनिस भर थिएटरात खवळला. इंग्रजीत दुसऱ्याचं श्रेय लाटण्याला गडगडाट चोरणे म्हणतात, तो वाक्प्रचार तिथून आला असं सांगतात. असाइनमेंट कॉपी करणाऱ्या समस्त बंधुभगिनींना हा परिच्छेद अर्पण.

तर हे सगळे आवाज होते मोठे. पन्हळीतला गोळा सुटला की सुटला, मग स्टेजवर कोण काय बोलतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लूथरबर्गला बहुधा हेच टोचत असावं. तो चित्रकार होता. चित्रात जवळचं झाड आणि लांबचं झाड एकाच आकाराचं काढून चालत नाही, मग आवाजात का चालावं?

१७७६ मध्ये गॅरिक निवृत्त झाला आणि थिएटर शेरिडन या नाटककाराकडे आणि त्याच्या भागीदारांकडे गेलं. शेरिडनने १७७९ च्या आपल्या नाटकात एका पात्राच्या तोंडून लूथरबर्गच्या कुंचल्याची स्तुतीसुद्धा करून घेतली. पण पगारावरून बिनसलं आणि १७८१ मध्ये लूथरबर्गने ड्रुरी लेन सोडलं. स्तुती आणि पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे प्लेसमेंटच्या आधी कळलेलं बरं.

त्याच वर्षी, २६ फेब्रुवारीला, लंडनच्या लेस्टर स्क्वेअरजवळ आपल्या राहत्या घरात त्याने स्वतःचं थिएटर उघडलं. तिकीट पाच शिलिंग, जागा सुमारे १३० माणसांची. नाव मात्र जिभेला गाठ मारणारं, आयडोफ्युझिकॉन. ग्रीक शब्द जोडून केलेलं नाव, अर्थ साधारण निसर्गाची प्रतिमा. या थिएटरात नट नव्हतेच. स्टेज जेमतेम सहा फूट रुंद आणि आठएक फूट खोल, म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या दोन कॉट शेजारी शेजारी लावल्या तर जेवढी जागा होईल साधारण तेवढं. त्यावर पहाट व्हायची, दुपार व्हायची, सूर्य मावळायचा, चांदणं पडायचं, आणि शेवटी समुद्रात वादळ होऊन जहाज फुटायचं. मधल्या वेळात संगीत.

या खोक्याच्या आत काय होतं ते पाइन नावाच्या चित्रकार-लेखकाने पुढे १८२३ मध्ये आठवणींच्या पुस्तकात सविस्तर लिहिलं, म्हणून आपल्याला कळतं. ते वाचताना मला मशीन ड्रॉइंगचा पेपर आठवत होता, फक्त हा जास्त इंटरेस्टिंग होता. लाटा मऊ लाकडातून कोरलेल्या, आधी मातीत नमुना करून, वर चकचकीत व्हार्निश. प्रत्येक लाट आपापल्या आसावर फिरायची आणि शेजारच्या दोन लाटा उलट्या दिशांनी, म्हणजे त्या एकमेकींवर चढतायत असं दिसायचं. ढग कापडाच्या लांब पट्ट्यांवर रंगवलेले, त्या पट्ट्या चौकटीवर ताणून गुंडाळणाऱ्या यंत्राने तिरप्या वर सरकवायच्या. दिवे लपवलेले, त्यांच्यापुढे पिवळ्या, लाल, हिरव्या, जांभळ्या, निळ्या काचांच्या पट्ट्या. जहाजं छोटी पण शिडा-दोऱ्यांसकट बरहुकूम, आणि मोठं जहाज हळू डुलायचं, लहान भराभर. हे शेवटचं वाचून मी खुर्चीत ताठ बसले. लोलकाची लांबी वाढली की आवर्तन हळू होतं हे आपण बारावीला प्रॅक्टिकलमध्ये करतो आणि विसरून जातो. याने बंदरावर उभं राहून पाहून ठेवलं होतं.

आता आवाज.

गडगडाटासाठी तांब्याचा पातळ, मोठा पत्रा साखळीने टांगलेला. खालचा एक कोपरा धरून तो हलवायचा. मी आमच्या वर्कशॉपमधून २४ गेजचा जीआय पत्रा मागून आणला, सहा फूट बाय तीन फूट, आणि हॉस्टेलच्या टेरेसच्या दारात सुतळीने टांगला. पहिली चूक म्हणजे मी तो बडवला. बडवला की तो पत्राच वाजतो, शेजारी कोणीतरी शेड ठोकतंय असं वाटतं. दुसरी चूक, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला, त्यामुळे आवाज दबला. शेवटी कंटाळून एका कोपऱ्याला नुसती बोटं लावली आणि सावकाश मागेपुढे केलं... आणि काय सांगू, डोंगरापलीकडे ढग वाजावेत तसं वाजलं. रूममेट खिडकीकडे धावली, तिचे कपडे वाळत होते.

असं का होतं याचा मी नंतर विचार केला. खरी वीज काही किलोमीटर लांबीची असते. तिचा आवाज जन्मतो सगळीकडे एकदम, पण ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, त्यामुळे जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, लांबच्या टोकाचा मागाहून. म्हणून कडकडाट ताणला जाऊन गडगडाट होतो. वाटेत हवा उंच पट्टीचा भाग जास्त खाऊन टाकते, म्हणून लांबचा आवाज नुसता खर्जातला. पातळ पत्र्यात वाकण्याच्या लाटा पळतात, आणि त्या सगळ्या एका वेगाने पळत नाहीत. उंच पट्टीच्या पुढे जातात, खर्जातल्या मागे राहतात, सगळ्या कडांवर आपटून परत येतात. एका हिसक्याचा आवाज पसरतो, गढूळ होतो, रेंगाळतो. म्हणजे आकाशात किलोमीटरभर जे घडतं ते सहा फुटांत आपल्या हातात. लूथरबर्गला हे गणित माहीत असायचं कारण नाही, पण त्याला कान होता.

पावसासाठी लांबट चौकोनी नळी, आत आडवे अडथळे, त्यात बारीक बिया. नळी तिरकी केली की बिया अडथळ्यांवरून ठेचकाळत खाली जातात. गारांसाठी मणी. मी पीव्हीसी पाइपचा तुकडा घेऊन त्यात खिळे ठोकले आणि मेसच्या मावशींकडून वाटीभर राई आणली. रिमझिम हुबेहूब! साबुदाणा टाकला तर गारा. पाइप किती तिरका धरता त्यावर पाऊस किती जोराचा ते ठरतं, हे इतकं सोपं आहे की दहा मिनिटांत अख्खा मजला पाऊस पाडायला रांगेत उभा. (मावशी, राई परत केलेली नाही, माफ करा.)

किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेसाठी पुठ्ठ्याचा आठ बाजूंचा डबा, आत फळ्या, फळ्यांवर शिंपल्या, वाटाणे आणि हलके गोळे. डबा फिरवला की सगळं खळ्ळकन एका फळीवरून दुसरीवर. लांबच्या तोफेसाठी, म्हणजे बुडणारं जहाज मदतीसाठी बार काढतं त्यासाठी, मोठ्या डफासारखं ताणलेलं कातडं आणि लवचीक पट्टीला बांधलेला स्पंज. लाकडी काठी नाही, स्पंज! मऊ वस्तूने मारलं की कातड्याचा टणत्कार निघून जातो, फक्त घुमणं उरतं, आणि तोफ मैलभर लांब जाते. मला या सगळ्यात ही कल्पना सर्वांत आवडली. लांब आहे हे दाखवायला त्याने आवाज नुसता लहान केला नाही, त्याची जातच बदलली. आम्ही लॅपटॉपवर काय केलं होतं? व्हॉल्यूम कमी.

वाऱ्याने मात्र मला रडवलं. त्याची कृती अशी की दोन गोल चौकटींवर रेशीम ताणून बसवायचं आणि ती एकमेकींवर दाबून वेगाने फिरवायची, की पोकळ शीळ निघते. मी भरतकामाच्या दोन रिंगांवर जुनी ओढणी ताणली. पहिले दोन दिवस कोंबडीचं पिल्लू ओरडल्यासारखा आवाज. मग कळलं की ओढणी सिंथेटिक आहे. रूममेटने आईच्या जुन्या साडीचा तुकडा दिला, तेव्हा कुठे हूं हूं असा काहीतरी आवाज आला. तोही तिसऱ्या रांगेपलीकडे गेला नसता, हे मान्य करते. शेवटी आम्ही लाकडी पट्ट्यांचा पिंप करून त्यावर जाड कॅनव्हास टाकला आणि हँडल मारलं. ही पुढच्या काळातल्या थिएटरांची रीत, लूथरबर्गची नाही. सहा फुटांच्या स्टेजला रेशीम पुरतं, आपल्या सभागृहाला नाही.

लोकांना हे इतकं खरं वाटायचं की त्याचा एक किस्सा पाइननेच लिहिलाय. एका संध्याकाळी वादळाचा प्रवेश चालू असतानाच बाहेर खरंखुरं वादळ आलं. काही प्रेक्षक घाबरून उठले, देवाची नक्कल केल्याची ही शिक्षा आहे असं त्यांना वाटलं. आतली मंडळी मात्र उघड्यावर गेली आणि आकाशातला गडगडाट कान देऊन ऐकून आपल्याशी ताडून पाहायला लागली. एकाचं मत पडलं की आपलाच सरस आहे! यातला माज बाजूला ठेवा. मला त्यांचं बाहेर जाणं आवडतं. प्रयोग चालू असताना मूळ वस्तू तपासायची संधी आली, तर ती त्यांनी सोडली नाही.

मोठमोठी माणसं तिथे यायची. रेनॉल्ड्स हा रॉयल अकादमीचा अध्यक्ष लोकांना आवर्जून जायला सांगायचा. गेन्सबरो तर वेडाच झाला, संध्याकाळमागून संध्याकाळ तिथेच. घरी जाऊन त्याने स्वतःचं एक खोकं बनवलं, काचेवर रंगवलेले देखावे, मागे मेणबत्त्या. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहे. लूथरबर्गलाही १७८१ मध्येच रॉयल अकादमीचं पूर्ण सभासदत्व मिळालं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. ६ जानेवारी १७८६ ला हॅल्सवेल नावाचं ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज, हिंदुस्थानकडे निघालेलं, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेटच्या कड्यांखाली फुटलं. जहाजावर २४० च्या वर माणसं होती, ७४ वाचली. कप्तानाच्या दोन मुली जहाजावर होत्या. त्याही गेल्या आणि तोही गेला. त्याच वर्षी आयडोफ्युझिकॉन स्ट्रँड रस्त्यावर पुन्हा सुरू झालं, आणि शेवटच्या प्रवेशात आता कुठलंतरी जहाज न राहता हॅल्सवेल बुडायला लागलं. तोच पत्रा, तोच स्पंज. वर्तमानपत्रात नुकतीच नावं वाचलेली माणसं तिकीट काढून ते बघत होती. टीव्हीवर पूर, अपघात पुन्हा पुन्हा दाखवतात तेव्हा आपणही बघतोच, त्यामुळे मी फार शहाणपणा करत नाही. पण आमच्या एकांकिकेतला खलाशी काल्पनिक आहे याचं मला हे वाचल्यावर बरं वाटलं.

पुढे लूथरबर्गने तो खेळ विकून टाकला. लहरी माणूस! १८०० मध्ये आगीत सगळा सरंजाम जळाला. लाटा, ढग, पत्रा, सगळं. मूळ यंत्राचा तुकडाही उरला नाही.

तो स्वतः तोपर्यंत भलतीकडेच भरकटून आला होता. किमया, गूढविद्या यांचा नाद लागला, काल्योस्त्रो नावाच्या युरोपभर गाजलेल्या भोंदूच्या मागे १७८७ मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला. तिथे दोघांचं इतकं फाटलं की गोष्ट द्वंद्वाच्या आव्हानापर्यंत गेली. लंडनला परत आल्यावर १७८९ मध्ये हॅमरस्मिथच्या घरी तो आणि त्याची दुसरी पत्नी ल्यूसी औषधाविना रोग बरे करू लागले, नुसत्या हातांनी आणि श्रद्धेने! एका भक्त बाईंनी पत्रक काढलं की त्यांनी दोन हजार लोक बरे केले. दारात हजारोंनी गर्दी. मग ज्यांना गुण आला नाही ते चिडले, जमाव घरावर चालून गेला, आणि उपचार बंद झाले. पत्रा आणि स्पंज घेऊन लोकांना वादळ खरं वाटायला लावणारा माणूस, त्याला दुसऱ्याची युक्ती ओळखता येऊ नये? की स्वतःच्या हाताने सगळं जमतं म्हणता म्हणता त्याचा स्वतःवरच विश्वास बसला? माझी रूममेट म्हणते की तो सरळ भोंदू होता. मला तसं वाटत नाही. उपचाराचे तो पैसे घेत नव्हता म्हणतात. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

पण त्यानंतर तो परत कुंचल्याकडे वळला, आणि हे फार बरं झालं. फ्रेंच आणि इंग्रज आरमारांच्या १७९४ च्या लढाईचं त्याचं प्रचंड चित्र ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. आणि १८०१ मध्ये त्याने काढलं ते चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय, फक्त कोणाचं ते माहीत नव्हतं. औद्योगिक क्रांतीचा धडा आला की पुस्तकात एक चित्र असतं बघा... रात्र, मागे भट्टीच्या ज्वाळा, लालपिवळा धूर, पुढे घोडागाडी आणि रस्त्याकडेला पडलेले लोखंडाचे मोठाले पाइप. कोलब्रुकडेल बाय नाइट. ते लूथरबर्गचं! आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. याच कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये कोक वापरून लोखंड गाळलं, म्हणजे ज्या वर्षी डेनिसचा गडगडाट चोरीला गेला त्याच वर्षी. (याला काही अर्थ नाही, फक्त पाठ करायला सोपं जातं.)

ते चित्र मी आता लॅपटॉपवर उघडून ठेवलंय. मागून उजेड, पुढे काळ्या आकृत्या, वर रंग बदलणारा धूर. हे आयडोफ्युझिकॉनच आहे, फक्त स्तब्ध. भट्टीजवळ उभं राहून त्याने काय ऐकलं असेल असं सारखं मनात येतं. भात्याचा वारा, आणि आत ढवळणारा तो खोल घुमारा.

११ मार्च १८१२ ला हॅमरस्मिथच्याच घरी तो गेला. चिझिकच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे, तिचं डिझाइन सर जॉन सोन या वास्तुशिल्पकाराने केलं.

आमचा दुसरा प्रयोग झाला. पत्र्याला मी, पाइपला रूममेट, पिंपाला फर्स्ट इयरची एक मुलगी जिला तालमीत फोड आले. एक मात्र मला तालमीत कधीच लक्षात आलं नव्हतं. लाइट चमकला आणि खलाशी आपलं वाक्य विसरला. फाइल असती तर गडगडाट वाजून गेला असता. मी कोपरा धरून थांबले. त्याला वाक्य आठवलं, त्याने ते पूर्ण केलं, आणि मग मी बोटं हलवली. वीज चमकल्यापासून मोजून पाच-सहा सेकंद गेले होते, म्हणजे वादळ दोनेक किलोमीटर लांब. कोणी हसलं नाही. तो नंतर म्हणाला की त्याला वाटलं मीच विसरले.

पत्रा अजून माझ्या कॉटखाली आहे. वर्कशॉपच्या सरांनी दोनदा मागितलाय.